पहिल्या जोडीची झडती

पांढुर्ण्यात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमार होते, हे साऱ्या मुलखाला ठाऊक आहे. माझी बहीण तिथं दिलेली, त्यामुळे नदीच्या दोन्ही काठांवरून भिरभिरणारे गोटे मी पुष्कळ पाहिले. पण आमच्या खडकधरीला पोळ्याच्याच दिवशी जे व्हायचं, त्यापुढे गोटे परवडले. गोट्यानं डोकं फुटलं तर चार टाके पडतात आणि माणूस कामाला लागतो. झडती लागली की वर्षभर खपली धरत नाही.

झडती म्हणजे पोळ्यात म्हणायचे यमकातले बोल. गावाबाहेरच्या मोकळ्या आखरावर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, त्यामागे सजवलेल्या बैलजोड्या रांगेनं उभ्या राहतात आणि ज्याच्या हातात जोडीचा कासरा असतो तो खणखणीत आवाजात झडती म्हणतो. कुणाचा बैल मरतुकडा, कुणाची सासू कजाग, कुणी बांध कोरला, सगळं त्यात येतं. शेवटी 'हर बोला हर हर महादेव'चा गजर झाला की तोरण तोडायचं आणि बैल घरोघर पूजेला न्यायचे. साऱ्या वऱ्हाड-नागपुरात हे चालतं. आमच्या गावची मात्र एक जास्तीची रीत होती. ज्याच्यावर झडती पडली त्यानं झडतीनंच उत्तर द्यायचं, नाहीतर चारचौघांत 'हाय', म्हणजे 'आहे', म्हणून कबूल व्हायचं. रागावला तो हरला. आणि उत्तर आल्याशिवाय तोरण तुटत नसे. पहिली झडती म्हणायचा मान पहिल्या जोडीच्या गड्याचा, आणि पहिली जोडी तीन पिढ्यांपासून भैय्याजींच्या घरची.

भैय्याजी आमचे सरपंच. साठ एकरांचा धनी, त्यातला वीस एकर संत्र्याचा बगीचा. माणूस गोड बोलायचा. कुणाच्या लग्नाला गेला नाही असं होत नसे, आणि लग्नातून येताना कोणाचा तरी अंगठा घेऊन आला नाही असंही होत नसे.

मी गावातला शाळामास्तर, दत्तात्रय. सौंसरला राहायचो आणि बसनं ये-जा करायचो. शाळा दहाची. बस सौंसरहून नऊला सुटते असं वेळापत्रकात लिहिलेलं होतं, ती खरोखर कधी सुटते हे ड्रायव्हरलाच माहीत. सातची आणखी एक बस होती, पण ती फारच लवकरची. गाव मध्य प्रदेशाच्या हद्दीत, म्हणून शाळा मराठी असली तरी तहसिलातला सगळा कागद हिंदी, त्यामुळे गावातला हर एक अर्ज माझ्याकडूनच लिहून जायचा आणि आलेलं हर एक उत्तर मीच वाचून दाखवायचो. त्या कामाची मला थोडी घमेंडही होती, खोटं कशाला बोलू.

आता कवडूबद्दल. कवडू भैय्याजींचा सालदार, म्हणजे वर्षाच्या करारावर ठेवलेला गडी. असे करार त्यानं बावीस केले होते. राहायचा गावाखालच्या टोलीत, म्हणजे मजुरांच्या वस्तीत, भैय्याजींच्याच जागेवरच्या झोपडीत. अंगानं काटकुळा, बोलायला अगदी कमी. वर्षभरात जे बोलायचं राहिलं ते सगळं तो पोळ्याच्या दिवशी बोलत असावा, कारण त्याच्यासारखी झडती रामाकोन्यापासून मोहगावपर्यंत कोणाला येत नव्हती. पहिल्या जोडीचा कासरा त्याच्याच हातात. बावीस वर्षं त्यानं मालकाच्या बैलांची, मालकाच्या बगीच्याची तारीफ केली, आणि बावीस वर्षं पोळ्याच्या सकाळी मालकानं त्याला नवं धोतर दिलं.

टोलीत चाळीस घरं आणि पाण्याला नाला. पावसाळ्यात गढूळ, उन्हाळ्यात झिरा खोदून वाटी-वाटीनं भरायचं. ही गोष्ट पंच्याऐंशी सालच्या पोळ्याची. त्याच्या दोन वर्षं आधी टोलीसाठी सरकारी बोरिंग मंजूर झाली, हातपंपाची. ट्रक चिखलात फसला तेव्हा पाइप कवडूनंच बैलगाडीवर वाहिले. गाडी टोलीकडे वळवायला लागला तर भैय्याजी म्हणाले, टोलीत खाली निव्वळ खडक आहे, मशीनवाला म्हणतो पाणी बगीच्यातच लागेल, लोकांनी तिथून भरावं, आपली कुठं ना आहे. लोकांनी महिनाभर भरलं. मग संत्रे चोरीला जातात म्हणून फाटकाला कुलूप लागलं. मग पंपाचं डोकं निघालं आणि त्या जागी मोटर बसली. हे सगळं इतक्या हळूहळू आणि इतक्या गोडीनं झालं की भांडावं कोणत्या दिवशी, हेच लोकांना कळलं नाही.

चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात कवडूची बायको वच्छला डोक्यावर पाण्याचे दोन गुंड घेऊन नाल्याची चढण चढताना घसरली. मांडीचं हाड मोडलं. सौंसरच्या दवाखान्यात प्लास्टर झालं, हाड जुळलं ते वाकडं. तेव्हापासून ती काठीनं चालायची आणि पाणी कवडू भरायचा, उजाडायच्या आत, मालकाच्या गोठ्यावर जाण्याआधी.

दिवाळीनंतर टोलीच्या बायांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. चाळीस अंगठे. मी तो सौंसरला नेऊन दिला आणि विसरून गेलो. श्रावणात उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं की हातपंप खालच्या टोलीत मारुतीच्या पाराजवळ लागलेला आहे, पाणी गोड आहे, ग्रामस्थ संतुष्ट आहेत, सबब प्रकरण समाप्त. सोबत पंचनाम्याची नक्कल. खाली पाच पंच. चार सह्या भैय्याजींच्या सग्यासोयऱ्यांच्या. पाचवी ओळ अशी होती: कवडू वल्द महादू, निशानी अंगूठा.

कवडू तेव्हा शाळेच्या पायरीवर बसला होता. मी त्याला ते वाचून दाखवलं, आणि रागाच्या भरात जरा जास्तच जोरानं वाचलं. म्हटलं, बाबा, तुझ्याच अंगठ्यानं टोलीचं पाणी पळवलं. तुझ्या बायकोचं हाड त्या नाल्यावर मोडलं आणि तू लिहून दिलं की पाणी गोड आहे.

तो पुष्कळ वेळ अंगठ्याकडे पाहत राहिला. मग त्यानं सांगितलं की मालकानं विचारलं होतं, बोरिंग लागली की नाही, तू पाइप नेले की नाही. नेले होते. म्हणून अंगठा दिला. कुठं लागली ते कागदावर काय लिहिलंय, हे त्यानं विचारलं नाही. त्यानं मला सबब सांगितली नाही, जसं झालं तसं सांगितलं, आणि उठून गेला. मी मात्र त्या दिवशी बसमध्ये सगळ्यांना ऐकवत होतो की अशा अडाणी लोकांपायीच देश बुडून राहिला आहे.

आता भैय्याजींचं नशीब पहा. त्यांना गावात सामुदायिक भवन मंजूर करून घ्यायचं होतं, म्हणून त्यांनी सौंसर तहसिलाच्या नव्या साहेबांना पोळा पाहायला बोलावलं. साहेब मध्य प्रदेशाच्या वरच्या अंगाचे, नवीनच बदलून आलेले, मराठीचा गंध नाही. आखरावर त्यांच्यासाठी सतरंजी, खुर्ची, हार, सगळं मांडलं. मला दुभाष्या म्हणून बाजूला उभं केलं. भैय्याजींनी कवडूला आदल्या दिवशीच बजावलं होतं, उद्या झडती अशी म्हण की साहेब खूश झाला पाहिजे.

कवडू जोडी घेऊन आला. बैलांच्या अंगावर झुली, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा. आणि हा स्वतः मात्र जुन्या, गुडघ्यावर शिवलेल्या धोतरात. नवं धोतर, मला मागाहून कळलं, त्यानं सकाळी मालकाच्या ओट्यावर घडी न मोडता ठेवून दिलं होतं. निघताना त्यानं वच्छलाला विचारलं होतं. कारण जे जायचं होतं ते दोघांचं जायचं होतं, सालदारकीही आणि डोक्यावरचं छप्परही. ती म्हणाली होती, "घर जाईन तं जाईन. नाल्यावर तं अशाबी जाऊनच राह्यलो."

डफडं थांबलं. कवडूनं एकदा बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि सुरू केलं:

"गाडी म्या हाकली, पाइप म्या वाह्यले,
कुठं गेले ते या डोळ्यानं पाह्यले.
टोलीच्या नावाची बोरिंग सरकारी,
कुंपनाच्या पल्याड बसली बिचारी.
टोलीचं लेकरू नाल्याचं पेते,
संत्र्याचं झाड बोरिंगचं पेते.
अंगठा माहा, चूक माही,
मालक, तुमची हाय का नाही?"

हर बोला, असं तो म्हणाला, आणि त्यावर 'हर हर महादेव' म्हणायला कोणाचंच तोंड उघडलं नाही. चाळीस जोड्यांच्या घुंगरांचा तेवढा आवाज येत होता. भरल्या बसमध्ये मी या माणसाला अडाणी म्हटलं होतं, आणि हा सगळ्या गावासमोर, मालकाच्या बैलांचा कासरा हातात धरून, आधी स्वतःची चूक सांगत होता. मी इतकी पुस्तकं वाचली, असं मला कधी सुचलं नव्हतं.

साहेबांना वाटलं स्वागत झालं. त्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला विचारलं, मास्टरजी, क्या कहा इसने? भैय्याजी हसत हसत म्हणाले की काही नाही साहेब, सणाची थट्टा असते, आणि माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात माझी बदली होती, तामियाच्या जंगलातली. मी खरं सांगतो, माझ्या जिभेवर 'आपकी तारीफ कर रहा है' हे शब्द आले होते. मी कवडूकडे पाहिलं. तो माझ्याकडे बघतही नव्हता. त्याला माझ्याकडून काही अपेक्षाच नव्हती, आणि ते मला फार झोंबलं.

मी एकेक ओळ हिंदीत सांगितली. शेवटची तर जरा सावकाशच सांगितली.

साहेबांच्या टाळ्या थांबल्या. हँडपंप कहाँ है, असं त्यांनी भैय्याजींना विचारलं. भैय्याजींनी ते ऐकलं नाही असं दाखवलं आणि कवडूला दरडावलं की बैल पुढं घे.

कवडू म्हणाला, "रीत हाय मालक. उत्तर आल्याबिगर बैल हालत नाई."

भैय्याजींनी मागच्या जोडीवरच्या सुखदेवला तोरण तोडायला सांगितलं. सुखदेव त्यांचाच दुसरा गडी. तो कासरा धरून तिथंच जमिनीवर बसला. त्याच्यामागचा बसला. मग रांगेनं सगळे सालदार बसले, आणि बैल उभे. साहेबांना मी हीही रीत समजावून सांगितली. ते खुर्चीत सरसावून बसले, आणि रीत ऐकल्यावर तेही उठायला तयार होईनात.

भैय्याजींनी झडतीनं उत्तर द्यायचा प्रयत्न केला, हे कबूल केलं पाहिजे. 'बावीस वर्सं मीठ खाल्लं' इथवर आले आणि पुढचं यमक जुळेना. बावीस वर्षं दुसऱ्याकडून झडत्या म्हणवून घेतल्या की असंच होतं. पोरंसोरं हसायला लागली. ते चिडतील असं वाटलं, पण चिडला तो हरला, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांचे वडील, आजोबा याच तोरणाखाली उभे राहिले होते. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं. उन्हं कलली, घराघरांत पुरणाचा नैवेद्य खोळंबला, बाया दारात आरत्या घेऊन उभ्या राहिल्या. अर्धा-पाऊण तास गेला असेल.

शेवटी भैय्याजींनी डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरली.

"हाय," ते म्हणाले. "माहीबी हाय."

तेव्हा कुठं 'हर हर महादेव' झालं. असा गजर मी जन्मात ऐकला नाही. कवडूनं हात उंच करून तोरण तोडलं, बैल घेऊन नेहमीसारखा मालकाच्या दारात गेला, पूजा होईपर्यंत थांबला, बैल गोठ्यात बांधले, कासरा खुंटीला लावला आणि रिकाम्या हातानं टोलीत गेला. साहेब मला घेऊन बगीच्यात गेले. सिमेंटच्या ओट्यावर पंपाचा सरकारी नंबर अजून वाचता येत होता. तो त्यांनी स्वतः लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भैय्याजींचा निरोप आला की झोपडी खाली कर. आखरावर जे कबूल केलं त्याचा वचपा असा निघणार, हे कवडूला माहीतच होतं. तो भांडी बांधत होता तेवढ्यात देवकाबाई आल्या. देवकाबाई म्हणजे गावातली विधवा कास्तकारीण, आठ एकर कापूस, बैलजोडी एकच आणि पोळ्याच्या रांगेत त्यांचा नंबर शेवटचा. त्या म्हणाल्या, "माह्याकडं ये कवडूभाऊ. नवं धोतर मात्र मले दरसाल जमणार नाई." वच्छला हसली, प्लास्टर निघाल्यापासून पहिल्यांदाच हसली असेल. टोलीच्या लोकांनी दोन दिवसांत देवकाबाईंच्या वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, नवी झोपडी उभी केली.

दिवाळीच्या आत बोरिंगची गाडी पुन्हा आली आणि या वेळी थेट टोलीत गेली. भैय्याजी ज्याला निव्वळ खडक म्हणायचे तिथं साठ हातांवर पाणी लागलं. मारुतीच्या पाराजवळ पंप बसला. पहिला दांडा कोणी मारायचा यावर लोक वच्छलाला पुढे घेऊन आले. तिनं काठी कवडूच्या हातात दिली आणि दोन्ही हातांनी दांडा मारला. भैय्याजींची चौकशी लागली. चौकशी कशी असते ते तुम्हाला माहीतच आहे, ती अजून चालूच आहे. पण पंप चालू आहे.

माझाही भाव वाढला. ज्याला त्याला मी सांगत सुटलो की अर्ज माझा होता, साहेबांना खरं सांगणारा मीच होतो. सौंसरच्या एका सभेत माझा नारळ देऊन सत्कारही झाला. कवडूला कोणी नारळ दिला नाही आणि मलाही तिथं त्याचं नाव घ्यायचं सुचलं नाही.

पुढचा पोळा आला. भैय्याजींनी निरोप पाठवला की आमचा एक बैल लंगडतो, यंदा आमची जोडी येणार नाही. पहिली जागा रिकामी. पंचांनी आपसात बोलून देवकाबाईंची जोडी शेवटून काढून पुढे उभी केली. बैल साधे, झूल जुन्या लुगड्याची. कासरा कवडूच्या हातात. साऱ्या गावाला वाटलं, आता भैय्याजींवर दुसरी झडती पडणार. मीही पुढच्या रांगेत जागा धरून बसलो होतो, नवा सदरा घालून, कारण झडतीत माझं नाव येणार याची मला खात्री होती.

ते आलं.

"टोलीत पानी आलं, बरं झालं,
अर्ज लिहिनाऱ्याचं नाव मोठं झालं.
शाळेची घंटी दहाले वाजे,
मास्तरची बस अकराले लागे.
टोलीच्या लेकराची पाटी कोरीच राही,
मास्तर, तुमची हाय का नाही?"

सगळं गाव माझ्याकडे वळलं. मला यमकं येतात, मी वर्गात कविता शिकवतो. बसचं वेळापत्रक, सौंसरचा रस्ता, ड्रायव्हरचा चहा, सगळ्या सबबी ओळीनं जिभेवर आल्या. मग मला ती पायरी आठवली, आणि अंगठ्याकडे पाहत बसलेला, एकही सबब न सांगणारा हा माणूस आठवला. त्याच पायरीवर टोलीची पोरं रोज तासभर माझी वाट पाहत बसायची, हे तो येता-जाता पाहत आला होता. माझ्यावर त्याचा राग नव्हता. भैय्याजींना लावलं तेच माप त्यानं मला लावलं होतं, आणि इतका मान मला त्या नारळानंही दिला नव्हता.

मी उठलो, टोपी काढली.

"हाय," मी म्हणालो.

कवडूनं तोरण तोडलं. पोळ्याची सुट्टी संपल्यापासून मी सातची बस धरतो.